रंगरुटाचे पहिले कपडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवळाली कॅम्पात आमच्या अण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झालेली पोरं आउटपास, म्हणजे बाहेर जायची परवानगी, मिळाली की हातात सरकारी शर्ट-पँटची घडी घेऊन दुकानात यायची. कुणाची बाही बोटांच्या टोकापर्यंत लोंबायची, तर कुणाच्या कॉलरमध्ये दोन माना मावल्या असत्या. अण्णा माप घ्यायचे आणि मी कोपऱ्यात बसून काज करायचे. आता दुकान नाही. लोक मात्र अजून विचारायला येतात. कुणाकडे आजोबांचा जुना कोट असतो, कुणाचा मुलगा भरती झालेला असतो, तर कुणाला शाळेचा प्रकल्प पुरा करायचा असतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

रंगरूट म्हणजे कोण? त्याला सुरुवातीला काय मिळतं?

रंगरूट म्हणजे नुकताच भरती झालेला, अजून शपथ न घेतलेला शिपाई. ‘रिक्रूट’ हा शब्द आपल्याकडच्या तोंडी फिरत फिरत रंगरूट झाला. कसम परेड झाली की तो जवान होतो.

केंद्रात पोचल्यावर आधी केस कापले जातात आणि मग स्टोअरसमोर रांग लागते. गणवेश, पीटीची बनियन आणि हाफपँट, पीटी शूज, बूट, मोजे, बेल्ट, टोपी, जर्सी, कांबळं, दरी (सतरंजी), मच्छरदाणी, मग, प्लेट आणि हे सगळं भरायला किटबॅग. कोणत्या केंद्रात कोणती वस्तू किती मिळते, हे काळाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे बदलतं. मिळालेली प्रत्येक वस्तू त्याच्या नावावर चढते आणि तिच्यावर त्याचा नंबर घातला जातो. त्या दिवसापासून ती हरवली तर जबाबदारी त्याची.

त्यात एक छोटी पिशवीही असते, सुई-दोरा आणि सुटी बटणं ठेवायची. तिला फौजेत ‘हाउसवाइफ’ म्हणतात. अण्णांना त्या पिशवीचं फार अप्रूप. ते म्हणायचे, घरात ज्याने कधी सुईत दोरा ओवला नाही, तो पोरगा इथे पहिल्या आठवड्यात बटण लावायला शिकतो.

माप घेऊन शिवतात का?

सुरुवातीला नाही. कपडे आधीच नंबरवारीने शिवून आलेले असतात. स्टोअरमधला माणूस पोराकडे एकदा बघतो, फार तर छाती आणि उंची विचारतो आणि जवळचा नंबर पुढे सरकवतो. एकेका तुकडीत शेकडो पोरं असतात, त्यामुळे दुसरा मार्गही नसतो. मग जे बसत नाही ते शिंप्याकडून बसवून घ्यायचं.

इथे एक गोष्ट आमच्या दुकानात मी लहानपणापासून पाहिली. पोरगा आला की शर्ट ढगळ असतो. अण्णा तो आत घ्यायचे, पण जास्तीचं कापड कधीच कापून टाकायचे नाहीत. बाजूच्या शिलाईत चांगला रुंद दाब, म्हणजे आत दुमडलेलं कापड, ठेवायचे, पँटच्या आसनाला तर दुप्पट. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “हा चार महिन्यांनी परत येईल.” आणि खरंच यायचा. दोन वेळचं पोटभर जेवण, रोजची धावपळ आणि कवायत. खांदे रुंदावलेले, मान भरलेली, मांड्या घट्ट झालेल्या. कंबर मात्र तेवढीच, किंवा बोटभर कमी. मग तोच दाब उसवून शर्ट मोठा करायचा. गरीब घरातून आलेल्या पोरांच्या बाबतीत हा फरक फारच दिसायचा. काहींना आयुष्यात पहिल्यांदाच रोज पुरेसं खायला मिळत होतं.

कपड्याचं असं उसवून-शिवून भागतं, बुटाचं भागत नाही. बूट लहान असला तर बोटं सोलतात, मोठा असला तर टाच. ब्रिटिश पद्धतीच्या बुटांवर लांबीचा नंबर असायचा आणि शेजारी रुंदीचं अक्षर, कारण एकाच लांबीचे पाय वेगवेगळ्या रुंदीचे असतात. आपल्याकडच्या खेड्यातल्या, अनवाणी वाढलेल्या पोरांचे पंजे तर पुढे पसरलेले असतात. अशा पायाला लांबीने बरोबर असलेला बूट रुंदीला चावतो. जुन्या ‘ॲम्युनिशन बुटां’ना तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल असायची. ते मऊ व्हायला कित्येक आठवडे लागायचे, आणि तेवढ्या आठवड्यांत पायाला फोड येऊन बरेही व्हायचे.

पूर्वी शिपायाला कपडे स्वतःच्या पैशांनी घ्यावे लागायचे, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि हे समजून घ्यायला आपल्या मराठीतच दोन नेमके शब्द आहेत. शिवकाळापासून घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. घोडा, शस्त्र आणि कपडे सरकारातून मिळत तो बारगीर. हे सगळं स्वतःचं घेऊन येई तो शिलेदार. इंग्रजांनी हीच शिलेदारी उचलली आणि आपल्या हिंदी घोडदळात ‘सिलादार’ नावाने चालवली. स्वाराने पैसे भरायचे आणि रेजिमेंटने त्यातून घोडा, खोगीर, कपडे उभे करायचे. शांततेच्या काळात हे सरकारला स्वस्त पडलं. पहिल्या महायुद्धात मात्र एकदम हजारोंनी माणसं, घोडे आणि कपडे लागले, तेव्हा ही पद्धत कोलमडली आणि युद्धानंतर बंद झाली.

पायदळातल्या शिपायाला काही कपडे सरकारी मिळत, बाकीच्यांसाठी पगारातून कपात होई. १९१४ साली हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातून कपडे, त्यातूनच जेवण, आणि उरलं तर घरी मनीऑर्डर. शिपाई एकेक धोतर, एकेक कुडता वर्षानुवर्षं का पुरवत होते, ते या आकड्यावरून कळतं.

आज पहिला संच सरकारकडून फुकट मिळतो. पुढे कपड्यांसाठी वर्षाचा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर जवानांसाठी तो वर्षाला १०,००० रुपये ठरला.

खाकी रंग कुठून आला?

‘खाक’ म्हणजे धूळ, माती. १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेनने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभारली आणि तिला मातीच्या रंगाचे कपडे दिले. त्या काळात बाकीचं सैन्य लाल डगल्यात किंवा पांढऱ्या सुती कपड्यांत असायचं. १८५७ मध्ये अनेक इंग्रज पलटणींनी आपले पांढरे कपडे हाताला येईल त्या रंगात बुडवून मळखाऊ करून घेतले. एका छटेची खाकी तेव्हा कुणाचीच नव्हती. धुतल्यावर टिकणारा पक्का रंग १८८० च्या दशकात मिळाला आणि मगच खाकी सगळीकडे पसरली.

देवळालीचा या सगळ्याशी संबंध काय?

फार जुना. १८६१ च्या सुमाराला इथे इंग्रजांनी लष्करी तळ उभारला. विलायतेहून आलेले गोरे सैनिक मुंबईला उतरायचे, आगगाडीने कसारा घाट चढून देवळालीत यायचे आणि इथल्या कोरड्या, बऱ्या हवेत काही दिवस राहून पुढे आपापल्या पलटणीत जायचे. नवख्या गोऱ्या सोजिराने उन्हाळी कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून हिंदुस्थानच्या उन्हाची सवय करायची, ती इथे. नोकरीची मुदत संपलेले सैनिकही परतीच्या बोटीची वाट बघत इथेच थांबायचे. बोटी हिवाळ्याच्या मोसमातच सुटत, त्यामुळे कुणाची मुदत चैत्र-वैशाखात संपली तर त्याला महिनोन्‌महिने रिकामं बसावं लागे. त्या कंटाळ्यातून आणि तापातून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला, डोकं फिरल्याच्या अर्थाने. ‘डूलॅली टॅप’ या मूळ शब्दप्रयोगातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच.

१९४१ मध्ये तोफखान्याची शाळा काकुलहून (आता पाकिस्तानात) देवळालीत आली. पुढे नाशिकरोडला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र झालं. आज नाशिकरोडच्या बिटको चौकापासून कॅम्पपर्यंतच्या रस्त्यावर जी लष्करी वस्ती दिसते, तिची मुळं एवढी मागे जातात.

पहिल्या महायुद्धात आपले शिपाई फ्रान्सच्या थंडीत सुती कपड्यांत लढले, हे खरं का?

होय. सप्टेंबर १९१४ च्या शेवटी हिंदी सैन्याच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. अंगावर सुती खाकी ड्रिल, म्हणजे आपल्या उन्हाळ्याचे कपडे. ऑक्टोबर संपायच्या आत ते बेल्जियमच्या आघाडीवर, ईप्रच्या खंदकांत होते. पाऊस, चिखल आणि पाठोपाठ बर्फ. गरम कोट आणि लोकरीचे कपडे आले, पण माणसं खंदकात गेल्यानंतर आले, आणि सगळ्यांना एकदम पुरले नाहीत.

हे निष्काळजीपणाने झालं एवढंच म्हणून मला थांबावंसं वाटत नाही. सैन्याच्या साठ्यात कपडे असतात ते सैन्य जिथे लढेल अशी अपेक्षा असते त्या जागेचे. हिंदी सैन्य वायव्य सरहद्दीवर आणि फार तर इराणच्या आखाताकडे लढेल, असं धरून सगळा साठा केलेला होता. युरोपातल्या हिवाळ्याचा कुणी हिशोबच केला नव्हता. आणि कपडा तोफगोळ्यासारखा गोदामात पडून राहिला तरी चालतो, असा समज असल्यामुळे तो सगळ्यात शेवटी आठवतो.

आपल्याकडच्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. तिथे उन्हाळ्यात जीव घेणारं ऊन आणि हिवाळ्यात चिखल आणि गारठा. एकाच मोहिमेत दोन्ही प्रकारचे कपडे लागतात, आणि वेढ्यात अडकलेल्याला कुठलेच पोचत नाहीत.

युद्ध सुरू झालं की रंगरुटांच्या कपड्यांत काय बदलतं?

पहिली गोष्ट, सगळ्यांत चांगला माल आघाडीवर जातो. केंद्रातल्या रंगरुटाला साठ्यात उरलेलं, जुन्या नमुन्याचं, दुरुस्त केलेलं मिळतं. एका रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या शर्टाच्या तीन छटा दिसतात, कारण कापड तीन वेगवेगळ्या रंगाऱ्यांकडून आलेलं असतं.

दुसरी गोष्ट मापाची. शांततेत मधल्या मापांचा साठा भरपूर असतो. युद्धात भरतीचे निकष सैल होतात, त्यामुळे फार उंच, फार बुटके, फार किडके असे सगळे येतात, आणि नेमकी टोकाची मापं संपतात.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. माणूस एका दिवसात भरती होतो. त्याच्या शर्टाला मात्र सूत कातायचं, विणायचं, रंगवायचं, कापायचं, शिवायचं, तपासायचं आणि रेल्वेने पाठवायचं असतं. यातली एक पायरी अडली की पुढच्या सगळ्या अडतात. अण्णांच्या दुकानात साधं बटण नसलं तर तयार शर्ट चार दिवस खुंटीला लटकायचा. लाखांच्या हिशोबात तेच होतं.

१९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा मी शाळेत होते. ब्लॅकआउट असल्यामुळे खिडक्यांना काळा कागद लावलेला आणि कंदिलावर पुठ्ठ्याचं झाकण. अण्णा त्या एवढ्याशा उजेडात मशिन चालवायचे. ज्यांना लवकर निघायचं होतं त्या पोरांचे कपडे आधी. त्या दिवसांत त्यांनी कुणाकडून शिलाई घेतलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात एवढ्या लोकांना कपडे कसे पुरवले?

१९३९ मध्ये हिंदी सैन्य दोन लाखांच्या आसपास होतं. युद्ध संपता संपता ते २५ लाखांवर गेलं. सगळे स्वेच्छेने भरती झालेले. यातल्या प्रत्येकाला शर्ट, हाफपँट, पायपट्ट्या, बूट, जर्सी, कांबळी लागली, आणि एकदा नाही, फाटतील तशी पुन्हा पुन्हा.

हे कापड मुख्यतः आपल्याच गिरण्यांनी विणलं. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, कानपूर इथल्या गिरण्या चालू होत्या, पण त्यांच्या मालातला मोठा हिस्सा लष्कराकडे वळला. शिवण्याचं काम सरकारी कारखान्यांकडे होतं आणि कंत्राटी शिंप्यांकडेही. शाहजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना तर पहिल्या महायुद्धातच, १९१४ साली सुरू झालेला. याची किंमत सामान्य माणसाने मोजली. कापड महाग झालं, मिळेनासं झालं, आणि १९४३ पासून सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘कंट्रोलचं कापड’ हे शब्द ऐकले असतील तर ते इथले. एका धोतराचे दोन तुकडे करून दोघांनी नेसायचे, असे ते दिवस. रंगरुटाच्या अंगावरचा नवा शर्ट आणि गावातल्या बाईचं ठिगळाचं लुगडं एकाच गिरणीच्या मागाशी जोडलेले होते.

याच युद्धात रंगही बदलला. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना लक्षात आलं की हिरव्यागार जंगलात खाकी उठून दिसते. मग आधी असलेलेच खाकी कपडे हिरव्या रंगात बुडवले गेले आणि १९४३ पासून ‘जंगल ग्रीन’ कपडे येऊ लागले. घाम आणि पावसाने तो हिरवा विटायचा, म्हणून त्या काळच्या एकाच पलटणीत दहा तऱ्हेचे हिरवे दिसत.

इटलीत लढलेल्या मराठा पलटणींना मात्र लोकरी कपडे आणि जाड कोट लागले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना शौर्यासाठीचा ब्रिटिशांचा सर्वोच्च सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळाला तो याच इटलीच्या मोहिमेत. नामदेव जाधव तर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले.

पायाला पट्ट्या का गुंडाळायचे?

घोट्याला आधार मिळावा, आणि बुटात खडे, काटे, जळवा जाऊ नयेत म्हणून. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्या ‘पट्टी’वरूनच गेला. फार आवळली तर पाय सुजतो आणि सैल राहिली तर चालताना सुटते. पहिल्या महायुद्धाच्या चिखलात ओल्या पट्ट्या आखडून पायाचं रक्त अडायचं, आणि पायांच्या दुखण्यात याने भरच घातली.

‘डांगरी’ हा शब्द कुठून आला?

मुंबईच्या डोंगरीवरून. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज ‘डंगरी’ म्हणायला लागले आणि पुढे त्या कापडाच्या कामाच्या कपड्यांनाही. मराठी मुलुखातून बाहेर गेलेला शब्द फौजेतून परत आपल्याकडे आला.

स्त्रियांना काय कपडे असत?

१९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर, म्हणजे सैन्याच्या मदतीचं स्त्रियांचं दल, उभी राहिली. तिच्यातल्या हिंदी स्त्रियांना खाकी साडी नेसायची मुभा होती. आताच्या महिला जवानांचा गणवेश पुरुषांसारखाच पँट-शर्टाचा आहे.

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांकडे गरम कपडे नव्हते, असं सगळेच म्हणतात. नेमकं काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर देताना अजून गलबलून येतं.

ईशान्येकडच्या तेव्हाच्या नेफा भागात (आजचा अरुणाचल प्रदेश), नामका चू नदीच्या काठी, ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ वी ब्रिगेड घाईघाईने पाठवली गेली. दहा हजार फुटांहून उंच जागा. यातल्या बऱ्याच जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होता, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कांबळी अपुरी. तिथपर्यंत गाडीरस्ता नव्हता. सामान विमानातून टाकलं जाई आणि त्यातलं पुष्कळसं दरीत, जंगलात जाऊन हरवे. समोरच्या चिनी सैनिकांच्या अंगात कापूस भरलेले जाड कोट होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. दळवी दोन दिवसांनी पकडले गेले.

देशात कपडा नव्हता असं नाही. कपडा होता, पण तो त्या उंचीचा नव्हता आणि त्या जागी नव्हता. मैदानात राहणाऱ्या सैन्याला डोंगरात पाठवायचं ठरलं, तेव्हा कपड्यांचा आणि हवेची सवय व्हायला लागणाऱ्या दिवसांचा विचार निर्णयाच्या मागून आला. १९१४ च्या फ्रान्सची गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांनी आपल्याच सीमेवर परत घडली, आणि या वेळी हुकूम देणारे परके नव्हते. मला जास्त लागतं ते हे.

त्या हिवाळ्यात देशभर बायकांनी स्वेटर विणले. आमची आई सांगायची, गल्लीतल्या ज्या बायकांना उलट-सुलट टाका येत नव्हता त्याही शिकल्या. स्वेटर ढिगाने जमा झाले, काही लहान, काही मोठे, रंगही जमेल ते. ते कुठे पोचले, कुणाच्या अंगात गेले, हे त्या बायकांना कधी कळलं नाही. पण प्रत्येकीने कुठल्यातरी छातीचं माप मनाशी धरून विणला होता. आईने अण्णांच्या मापाचा विणला.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं. आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, बिनविरोध. त्यांच्या काळात सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं, डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी त्या हवेचे कपडे आणि बूट ही वेगळी गरज म्हणून मोजली जाऊ लागली. नाशिकरोडला रंगरुटांच्या तुकड्या वाढल्या, आणि आमच्या दुकानात दुसरं मशिन आलं ते याच वर्षांत.

खाकी जाऊन ऑलिव्ह ग्रीन कधी आला? आणि आताचा नवा गणवेश?

ब्रह्मदेशच्या जंगलात हिरव्याची सुरुवात झालेलीच होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने ऑलिव्ह ग्रीन, फौजी बोलीत ‘ओजी’, कायम केला. पाकिस्तानच्या सैन्याने खाकी ठेवली. थंडीत घालायचा लोकर-सुताच्या मिश्रणाचा शर्ट ‘अंगोला’ म्हणून ओळखला जातो. तो अजून आहे.

लढाईचा नवा, छोट्या चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीचा गणवेश १५ जानेवारी २०२२ ला सेनादिनाच्या संचलनात पहिल्यांदा दिसला. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या मदतीने तो तयार झाला. सुती आणि पॉलिएस्टर ७०:३० अशा प्रमाणात, म्हणून जुन्यापेक्षा हलका आणि लवकर वाळणारा.

असे कपडे बाजारातून विकत घेऊन घातले तर चालतात का?

नाही. सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी सैन्याचा गणवेश किंवा त्याच्यासारखा दिसणारा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीत हौसेने घालणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगते, दुसरं काहीही घाला. तो रंग अंगावर चढायला कुणीतरी महिनोन्‌महिने घाम गाळलेला असतो.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून निघाला आहे. घरून काय द्यावं?

बोलावण्याच्या पत्रात यादी येते, तीच पाळा. तिच्यापलीकडे फार काही देऊ नका, ठेवायला जागा नसते. साध्या सुती बनियन आणि अंतर्वस्त्रं जास्तीची द्या. नवे बूट विकत घेऊन देऊ नका, ते तिथे मिळतात. पण एक गोष्ट घरी शिकवून पाठवा. बूट घालून बघताना जाड मोजा घालूनच बघायचा, दोन्ही पायांत घालायचा आणि उभं राहून चालायचं. संध्याकाळी पाय किंचित सुजलेला असतो, तेव्हाचं माप खरं. बूट चावत असेल तर पहिल्याच दिवशी उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, सांगायचं. लाजून गप्प बसणारी पोरंच पंधरा दिवसांनी लंगडत दुकानात यायची.

आजोबांचा कोट घरात आहे. तो कोणत्या काळातला, हे कसं ओळखावं?

आधी आतली बाजू बघा. कॉलरच्या खाली, अस्तरावर किंवा खिशाच्या आत शिक्का असतो. त्यात बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी मालाची खूण. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानात बनलेला. बहुतेक वेळा साल आणि मापही छापलेलं असतं, पण धुऊन पुसट झालेलं. उन्हात तिरपं धरून बघा, किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

मग रंग. हिरव्याच्या शिलाईत आत खाकी दिसली, तर तो नंतर रंगवलेला. दोरा, काज आणि बटणं बघा. सगळी बटणं एकसारखी असतील असं नाही, वापरात बदललेली असतात. खांद्यावर जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ दिसली तर तिथे पूर्वी पलटणीचं नाव लावलेलं होतं.

एक सूचना. थंडीच्या मोठ्या कोटावर कुणा दुसऱ्याचाच नंबर दिसला तर घाबरू नका. कोट परत घेऊन, धुऊन, पुन्हा दुसऱ्याला दिले जात. आजोबांच्या आधी तो कुणीतरी घातलेला असू शकतो.

त्यांच्या नोकरीची माहिती कुठे मिळेल?

तोफखान्यातले असतील तर तोफखान्याचं अभिलेख कार्यालय आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. नंबर, हुद्दा आणि पलटण माहीत असेल तर काम सोपं होतं. नाहीतर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा. महायुद्धात मरण पावलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत शोधता येतात.

कोट जपायचा कसा?

धुऊ नका, ड्रायक्लीनही आपल्या मनाने करू नका. मऊ ब्रशने धूळ झटका. हँगरला टांगला तर कोटाच्या वजनाने खांदे फाटतात, म्हणून आडवा ठेवा आणि घडीच्या जागी मऊ सुती कापडाची गुंडाळी द्या, म्हणजे रेघ पडून धागा तुटणार नाही. लोकरीला कसर लागते. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरला की सावलीत उघडून वारा द्या. उन्हात नको. डांबराच्या गोळ्या कपड्याला चिकटून ठेवू नका, वेगळ्या पुरचुंडीत ठेवा. पितळी बटणांवर हिरवट डाग आले तर ब्रासो (पितळ चकचकीत करायचं पॉलिश) थेट कोटावर लावू नका, आजूबाजूच्या कापडाला पांढरा डाग पडतो तो जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला कोट नाशिकच्या पावसाळ्यात आतून घामेजतो, म्हणून सुती पिशवीच बरी.

एक बटण तुटलं आहे. नवीन लावून घेऊ का?

नको. तुटलेलं बटण असेल तर कागदात गुंडाळून कोटाच्याच खिशात ठेवा. जागा रिकामी राहू दे. आणि बाकीच्या बटणांपैकी एखादं वेगळ्याच दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं दिसलं, तर त्याला तर अजिबात हात लावू नका. ते शिंप्याने लावलेलं नाही. रात्री बराकीत दिव्याखाली बसून, त्या छोट्या पिशवीतली सुई घेऊन तुमच्या आजोबांनी स्वतः लावलेलं आहे.